गॅसच्या ज्योतीतली हिरवी रेघ

माझ्या नणंदेचा पाय मोडला, म्हणून मी अणू शिकले. एरवी माझा आणि अणूचा काही संबंध नव्हता. कामरगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे, साड्यांना फॉल-पिको करते. नवरा वायरमन. घरात वीज, डीपी, फेज यांच्या गप्पा चालतात, पण त्या कुठे लाइन गेली आणि कधी येणार एवढ्यापुरत्या.

नणंद माझ्याहून मोठी. मी तिला ताई म्हणते. इंझोरीला तिची शेती आहे आणि ती शेती खरोखर तिचीच आहे, कारण तिच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊजींचं, सगळं लक्ष म्हशींत. त्या पावसाळ्यात सोयाबीनच्या निंदणाला बाया सांगायला ती स्कूटीवर निघाली आणि पुलाजवळच्या चिखलात घसरली. नडगीचं हाड मोडलं. तिच्या घरी संडास अंगणाच्या पलीकडे, पायऱ्या उतरून. आमचं घर एका पातळीत. म्हणून कारंज्याला प्लास्टर घातल्यावर नवऱ्यानं जीप ठरवली आणि बहिणीला थेट आमच्याकडे आणलं.

पण त्याआधी दवाखान्यात जे झालं ते सांगायला हवं. एक्सरे काढणाऱ्या मुलानं फिल्म उजेडावर धरून आम्हाला मोडलेली जागा दाखवली. ताईला वेदना होत होत्या, तरी ती फिल्मकडे टक लावून पाहत होती.

"हाड दिसते, मांस काहून नाई दिसत?" तिनं विचारलं.

"हाड टणक असते ना मावशी. किरण आरपार जात नाईत."

"मंग नख बी टणक हाय. माह्या बोटाचं नख कुठी हाय याच्यात?"

फिल्मवर पावलाची सगळी हाडं होती, नखं नव्हती. त्यानं पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग हसला आणि म्हणाला, "ते टणकपणावर नसन मंग. आतल्या अणूवर असते, आमाले शिकवलं होतं. पण आता बाहेर लाइन पाहा मावशी केवढी लागली."

जीपमध्ये ताई आडवी पडून होती. कारंजा मागे गेलं तरी ती फिल्म हातात धरून होती. मग म्हणाली, "वहिनी, अणू मंजे काय वं?"

मला शाळेतलं एकच चित्र आठवलं. मध्ये एक गोळा, भोवती अंड्यासारखी वर्तुळं, त्यावर ठिपके. मी दहावीनंतर आर्ट्स घेतलं, कारण सायन्सला रोज एसटीनं जावं लागलं असतं. त्यामुळे गोळा आणि ठिपके यांच्यापुढे माझी गाडी कधी गेलीच नव्हती. मी तेवढं सांगितलं.

"गोळा कायचा?"

"माहीत नाही ताई."

"पाह्य ना मंग त्या मोबाईलमंदी. दिवसभर साड्यांचे व्हिडिओ पाह्यतं."

ते खरं होतं. घरी आल्यावर ताईची खाट मी मशीनच्या शेजारीच टाकली, म्हणजे काम करता करता तिच्याकडे लक्ष राहील. मोबाईलवर बोलून विचारलं, अणू म्हणजे काय. पहिल्या व्हिडिओत एक माणूस इतक्या घाईत बोलत होता की त्याचीच गाडी सुटणार असावी. दुसऱ्यात नुसतं संगीत. तिसरा एका मोफत कोर्सचा पहिला धडा निघाला. इंग्रजीत होता, पण हिंदी आवाज लावायची सोय होती. शिकवणारी बाई म्हातारी, केस पांढरे, मागे फळा. ती सावकाश बोलायची आणि मध्येच थांबून म्हणायची, आता व्हिडिओ बंद करा आणि जरा विचार करा. ताईला ती एकदम पटली.

"बंद कर," ताई म्हणायची. "ते सांगून राह्यली ना इचार करा मनून."

मग मशीन थांबायचं आणि आम्ही दोघी विचार करायचो. बाहेर ग्राहक आली तर ताईच तिला सांगायची, "बस जराक. इचार चालू हाय."

दुसऱ्या धड्यासोबत एक खेळ होता. पडद्यावर तीन वाट्या. लाल गोळ्या म्हणजे प्रोटॉन, राखाडी म्हणजे न्यूट्रॉन, निळ्या म्हणजे इलेक्ट्रॉन. बोटानं उचलायच्या आणि मध्ये टाकायच्या. मी एक लाल आणि एक निळी टाकली तर वर नाव आलं, हायड्रोजन. मी ते नाव दोनदा वाचलं. हायड्रोजन हे नाव मी हजारदा ऐकलं असेल, पण ते असं दोन गोळ्यांचं असतं आणि माझ्या बोटानं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ताईनं मोबाईल माझ्या हातातून घेतला. तिनं सगळ्या लालच कोंबायला सुरुवात केली. गोळा थरथरायला लागला आणि खाली पाटी आली की हा टिकणार नाही.

"काहून नाई टिकत?"

"लाल लालला ढकलते म्हणे. मध्ये राखाडी पाहिजे."

तिनं राखाडी टाकल्या. थरथर थांबली. तिनं पुन्हा काढल्या, पुन्हा थरथर. असं ती बराच वेळ करत राहिली, जसं काही खरोखरचं काहीतरी तिच्या हातात कापतंय. जेवायला हाक मारली तर म्हणाली, "थांब, ऑक्सिजन होऊन राह्यला."

खेळ दहा लाल गोळ्यांवर संपायचा. हाडातलं कॅल्शियम विसावर होतं. त्यामुळे ताई जरा नाराज होती, पण उत्तर पुढच्याच धड्यात मिळालं. एक्सरेचा किरण अडतो तो मुख्यतः अणूतल्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि अणू जितका जड तितका तो जास्त अडवतो, थोडाथोडका नाही, कितीतरी पटींनी. मांस म्हणजे बहुतेक हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सगळे हलके. हाडात कॅल्शियम. आणि नख? नख टणक असलं तरी मांसाच्याच हलक्या अणूंचं बनलेलं.

मी हे धड्याखालचं वाचून दाखवलं तेव्हा ताई कोपरावर उठून बसली. उशीखाली ठेवलेली फिल्म तिनं काढली, खिडकीकडे धरली, आणि नखं नसलेल्या बोटांकडे पाहून हसत सुटली.

"टणकपणाचा काही संबंधच नाई," ती म्हणाली. "म्या बरोबर इचारलं होतं."

त्या दिवसापासून आमचं खरं शिकणं सुरू झालं. फॉल लावताना माझे कान मोबाईलकडे असायचे. अणू आत बहुतेक रिकामा असतो हा धडा आला तेव्हा मी सुई थांबवली. त्या बाईनं सांगितलं की मधला गोळा मोहरीएवढा धरला तर इलेक्ट्रॉन पार शेजारच्या गल्लीत निघतील. आम्ही लगेच हिशेब मांडला. ताईच्या खाटेवर मोहरीचा दाणा ठेवला तर अणूची हद्द कुठवर? आमच्या दारातून रस्ता, किराणा दुकान, पिठाची गिरणी, त्याच्याही पुढे. आणि मध्ये काही नाही. मी दारात उभी राहून गिरणीकडे पाहिलं आणि मला हलकं वाटायला लागलं, म्हणजे अंगानं हलकं.

"मंग आपून सारे पोकळच हावो," ताई म्हणाली आणि तिनं प्लास्टरवर टकटक केलं. "मंग माहा हात याच्यातून आरपार काहून नाई जात?"

हा प्रश्न आम्हाला दोन दिवस पुरला. उत्तर असं होतं की हाताचे इलेक्ट्रॉन प्लास्टरच्या इलेक्ट्रॉनांना आपल्या जागेत येऊ देत नाहीत. म्हणजे आपण ज्याला टणक म्हणतो ती खरी अडवणूक. ताईला हे फार आवडलं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून दोन भाऊ भांडतात तसंच, ती म्हणाली.

संध्याकाळी नवरा ड्यूटीवरून आला की आम्ही दोघी त्याच्यावर तुटून पडायचो. तो चहा पीत शांत ऐकायचा. एकदा म्हणाला, "तुमी आता शिकून राह्यल्या. मी वीस-बावीस वर्षं झाले गावाले इलेक्ट्रॉन पोहचवून राह्यलो. कोणी इचारलं नाई मले."

ताईनं उशी सरकवली. "भाऊ, तुह्ये इलेक्ट्रॉन कुठीच नाई पोहचत. घरातल्या लाइनीत ते जागच्या जागीच हालतात. सकाळीच आला धडा."

तो चहाचा कप हातात धरून माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली. धडा खरंच आला होता.

"मंग बिल कायचं घेऊन राह्यले?" तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. पण जेवताना त्यानं तो धडा लावायला सांगितला आणि शेवटपर्यंत पाहिला.

मग रंगांचा धडा आला. इलेक्ट्रॉनला वाटेल तिथं राहता येत नाही, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. वरच्या पायरीवरून खाली आला की फरकाएवढा उजेड बाहेर टाकतो, आणि पायऱ्या प्रत्येक अणूच्या वेगळ्या, म्हणून रंगही वेगळे. बाईनं ज्योतीत मीठ टाकून दाखवलं. ज्योत पिवळीधमक झाली. मिठातल्या सोडियमचा रंग.

मी मशीनवरून उठलेच. "ताई, भात उतू जातो तेव्हा!"

तिला आधी कळेना. मी तिचा हात ओढत सांगितलं, भाताचं मीठ घातलेलं पाणी बर्नरवर सांडलं की निळी ज्योत पिवळी होते की नाही? लग्न झाल्यापासून पाहत आले होते मी ते. मला वाटायचं काहीतरी जळतंय. ते सोडियम होतं. सोडियमचे इलेक्ट्रॉन पायऱ्या उतरत होते आणि मी कपाळाला हात लावून फडकं शोधत होते. त्या दिवशी मी मुद्दाम पातेलं उतू जाऊ दिलं. ताईला वॉकर मिळाला होता, ती तो टेकत टेकत स्वयंपाकघरापर्यंत आली आणि आम्ही दोघी गॅससमोर उभ्या राहून पाहत राहिलो. भाताचं पार खिमट झालं.

धड्यात पुढे एक डबा करायला सांगितला होता. बुटाचं खोकं घ्यायचं, एका बाजूला ब्लेडनं अगदी बारीक फट पाडायची, समोर आत तिरपी सीडी बसवायची आणि वरून एका भोकातून पाहायचं. सीडीवरच्या रेघा उजेडाचे रंग वेगळे करतात. खोकं मिळालं. सीडी आमच्या घरात दोनच होत्या, एक साखरपुड्याची, एक लग्नाची. सीडी लावायचं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं, पण सीडी मी कपाटात साडीत गुंडाळून ठेवल्या होत्या. नवऱ्याला विचारलं.

"लग्नाची घे," तो म्हणाला. "त्यात मी लय घाबरलेला दिसतो."

पहिला डबा फसला. फट फार रुंद झाली, नुसता इंद्रधनुष्याचा राडा दिसायचा. दुसऱ्यांदा मी ब्लेडचे दोन तुकडेच समोरासमोर चिकटवले आणि मध्ये केसाएवढी जागा ठेवली. फॉल-पिकोचा हात शेवटी कामी आला. नवऱ्यानं चोक लावलेली जुनी ट्यूब शोधून आणली, कारण आमच्याकडे सगळीकडे आता एलईडी होते. एलईडीच्या उजेडात सगळे रंग एकमेकांत मिसळलेले दिसले. मग ट्यूब लावली आणि मी भोकाला डोळा लावला.

काळ्या पार्श्वभूमीवर रेघा होत्या. जांभळी, हिरवी, केशरी, लाल, एकेक वेगळी, मध्ये अंधार. नीट आखून ठेवल्यासारख्या. त्यातल्या काही ट्यूबच्या आतल्या पाऱ्याच्या आणि काही काचेवरच्या पांढऱ्या पुडीच्या, असं धड्यात होतं. मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. ताईनं वॉकरनं माझ्या पायाला टोचलं तेव्हा भानावर आले.

आणि मग ती दुपार. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीवर जाड चादर टांगली, दार लोटलं, दिवा घालवला. गॅस पेटवला, मोठी निळी ज्योत. मी चमच्यात मीठ ओलं करून तयार ठेवलं होतं. ताई खुर्चीत बसून डब्यातून पाहत होती. मी मीठ टाकणार एवढ्यात ती म्हणाली, "हिरवी दिसून राह्यली."

"पिवळी दिसेल ताई. अजून मीठ टाकलंच नाही."

"मले माहीत हाय तू नाई टाकलं. हिरवी हाय. तिच्या बाजूले निळी बी हाय."

मी डबा घेतला. खरंच होतं. फिकी, पण स्पष्ट हिरवी पट्टी, एका कडेला ठळक आणि दुसरीकडे विरत गेलेली. तिच्या पुढे निळी. धड्यात याबद्दल एक शब्द नव्हता. मग मीठ टाकलं तर पिवळी रेघ लख्ख आली, सगळ्यांना मागे टाकणारी, आणि आम्ही दोघी ओरडलोही. पण ती हिरवी आमच्या डोक्यातून जाईना. बर्नर पितळेचा आहे, त्यात तांबं असतं, तांब्याचा रंग हिरवा हे आम्ही वाचलं होतं. ताईला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, बर्नर तर जळत नाही, जळतो तो गॅस. मी घासूनपुसून दुसरा, लोखंडी बर्नर लावला. हिरवी तशीच. मग माझंही तांबं गेलं.

कोर्सला प्रश्न विचारायची एक जागा होती. तिथं सगळे इंग्रजीत लिहायचे. मी इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिली: आम्ही दोघी बाया आहोत, खोक्यातून गॅसची ज्योत पाहिली, मीठ न टाकता हिरवी आणि निळी पट्टी दिसली, बर्नर बदलून पाहिला, तरी दिसली, ही कुणाची? लिहून मी बटण दाबलं. मग दर फॉलनंतर मोबाईल उघडायचा. ताई म्हणायची, "पाह्य, आलं असन." आलेलं नसायचं.

उत्तर आलं ते शिकवणाऱ्यांपैकीच एका माणसाचं, साध्या हिंदीत. त्यानं लिहिलं होतं की तुम्ही बर्नर बदलून पाहिलात हे फार बरं केलंत. ती पट्टी बर्नरची नाही. गॅस जळताना कार्बनचे दोन-दोन अणू क्षणभर जोडी करतात, त्या जोडीचा हा उजेड आहे. एकट्या अणूच्या बारीक रेघा असतात, जोडीच्या अशा विरत जाणाऱ्या पट्ट्या. आणि शेवटी, हे आम्ही या कोर्समध्ये शिकवत नाही, तुम्ही स्वतः पाहिलंत.

मी ते मोठ्यानं वाचलं. ताई म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिनं डोळे पुसले की काय मला दिसलं नाही, कारण माझे स्वतःचेच भरले होते. मग ती म्हणाली, "क्षणभर जोडी करतात मंजे, आता आपल्या शेगडीवर बी करून राह्यले असन."

"हो ना."

"चहा मांड मंग."

आमच्या बुद्धविहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज सायंकाळी ग्रंथवाचन असतं. त्यानंतर कुणी चार शब्द बोलतं. ही गोष्ट नवऱ्यानंच पसरवली असणार, कारण एका रविवारी वाचन करणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, तुमचं ते खोकं घेऊन या. मला बोलायची सवय नाही. ताई म्हणाली, मी बोलतो, तू डबा धर. ती वॉकर टेकत बुद्धमूर्तीसमोर उभी राहिली, वंदन केलं आणि पायाच्या हाडापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं लोक कंटाळतील. पण नख एक्सरेत दिसत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी आपापली नखं पाहिली.

मग रांग लागली. छोट्या सिलिंडरची शेगडी, दिवे बंद, मी मीठ टाकत होते. एक म्हातारी आजी भोकाला डोळा लावून उभी राहिली ती हलेचना. मागच्या बायांची कुजबुज वाढली. तिनं शांतपणे डबा खाली केला आणि ताईला विचारलं, "हे मिठाचंच हाय ना? दुसऱ्या कोणाचं नाई?"

"मिठाचंच."

"कुठंबी टाकलं तरी असंच?"

"कुठंबी आजी. अमेरिकेत बी."

आजी म्हणाली, "मंग पुन्हा टाक वं बाई," आणि परत डोळा लावला. मी पुन्हा टाकलं. रांगेतल्या बायाही ज्योतीकडे पाहायला लागल्या.

सोयाबीन सोंगणीला आलं तेव्हा ताईचं प्लास्टर निघालं होतं. ती काठी घेऊन चालायला लागली आणि भाऊजी जीप घेऊन आले. कोर्सची शेवटची परीक्षा आम्ही आदल्या दिवशी दिली, एकाच मोबाईलवर, एकाच नावानं. एका प्रश्नावर आमचं भांडण झालं. इलेक्ट्रॉन नेमका कुठे असतो, असा प्रश्न होता. ताईचं म्हणणं कुठेतरी असतोच, आपल्याला कळत नाही एवढंच. मी म्हणत होते की पाहिल्याशिवाय तो एका जागी नसतोच, कोर्सच्या बाईंनी तसंच सांगितलं. मी माझं उत्तर दाबलं. बरोबर निघालं, आणि ताई जीपमध्ये बसेपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही. जाताना लग्नाच्या सीडीचा डबा मात्र घेऊन गेली. मी साखरपुड्याच्या सीडीचा नवा केला.

आता आम्ही पुढचा कोर्स करतो आहोत, ती इंझोरीला, मी इथे. दुपारी फोन होतो. या कोर्समध्ये सांगितलं आहे की फट अगदी बारीक केली आणि डबा उजळ आभाळाकडे धरला, सूर्याकडे चुकूनही नाही, तर रंगांच्या पट्ट्यात काळ्या बारीक रेघा दिसतात. त्यातली एक पिवळ्यात, बरोबर मिठाच्या जागी. म्हणजे सूर्यातही सोडियम आहे आणि ते आपला रंग मध्येच अडवून धरतं. मी महिनाभर गच्चीवर चढून पाहते आहे, मला ती रेघ अजून दिसलेली नाही.

आज सकाळी ताईचा फोन आला. शेतातून. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"दिसली," ती म्हणाली.

"कुठे दिसली? पिवळ्यात?"

"पिवळ्यातच. केसावानी. मले वाटते दिसली."

"वाटते की दिसली ताई?"

"थांब जराक." पलीकडे ट्रॅक्टर वाजत होता. ती पुन्हा डब्याला डोळा लावून पाहत असणार. मी मोबाईल कानाशी धरून, दुसऱ्या हातात माझा डबा घेऊन, गच्चीच्या पायऱ्या चढायला लागले.